दिवसाची ऊब रात्रीपर्यंत

डिसेंबर उजाडला की हवामानाच्या बातम्यांत गोंदियाचे नाव वर सरकू लागते. विदर्भात आज सर्वांत कमी तापमान कुठे, याचे उत्तर हिवाळ्यात वारंवार ‘गोंदिया’ हेच असते. नागपूरनेही २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांचा विक्रम केला होता, पण असे मान नागपूरला अधूनमधून मिळतात. गोंदियाला ते दरवर्षीचे आहेत.

शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, कामठ्याच्या अंगाला बिरसी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी इथे धावपट्टी बांधली. आता तिथे विमानतळ आहे आणि वैमानिक घडवणारी संस्थाही. डोक्यावर शिकाऊ विमाने घिरट्या घालतात आणि खाली सगळीकडे धानाच्या बांध्या. धान कापून, मळून झाले की जमीन उघडी पडते, नजर दूरपर्यंत जाते, आणि रात्री थंडी अडवायला आजूबाजूला काहीच उरत नाही. पहाटे आठ-दहा अंशांत कानाला मफलर गुंडाळून निघालेला माणूस दुपारी दीड वाजता त्याच बांधावर बनियनवर काम करताना दिसतो, कारण तोवर पारा सत्तावीसपर्यंत गेलेला असतो.

हा सतरा-अठरा अंशांचा फरक नीट लक्षात घ्यावा, कारण घर उबदार ठेवण्याचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. युरोपात किंवा अमेरिकेत हिवाळा म्हणजे दिवस-रात्र, आठवडेच्या आठवडे थंडी. तिथल्या घराला ऊब विकत घ्यावीच लागते, आणि त्या खर्चात काटकसर कशी करावी यावर तिकडे पुस्तकेच्या पुस्तके निघतात. त्यातले बरेच सल्ले आपल्याकडे भाषांतरित होऊन येतात आणि बिरसीच्या घराला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. आपल्याकडे ऊब कमी नाही. ती दुपारी भरपूर मिळते आणि हवी असते पहाटे. चोवीस तासांची सरासरी काढली तर ती अठरा-एकोणीस अंशांच्या आसपास येते, म्हणजे रजईत झोपणाऱ्या माणसाला पुरून उरेल इतकी. दुपारची ऊब पहाटेपर्यंत टिकवणे, एवढेच काम आहे. ते जमले तर हीटरची गरज उरत नाही. जमले नाही तर हीटरही पुरत नाही.

रात्र इतकी थंड का होते? पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी असते, आभाळ निरभ्र असते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीला मिळणारी त्याची ऊब इथवर येत नाही. उत्तरेकडचे वारे मधूनमधून हिमालयाकडची थंडी आणतात. पण वारा नसला तरी जमीन स्वतःच थंड होते. तापलेली प्रत्येक वस्तू अदृश्य किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर फेकत असते. ढग असले तर ते त्यातली बरीच उष्णता परत खाली पाठवतात. ढग नसले की ती सरळ अवकाशात जाते. जमीन थंड झाली की तिला चिकटलेली हवा थंड होते, आणि थंड हवा जड असल्याने खालीच बसून राहते. हिवाळ्यात संध्याकाळी गावाबाहेर उभे राहून पाहावे: चुलींचा धूर काही उंचीपर्यंत सरळ चढतो आणि मग आडवा पसरतो, गावावर चादर अंथरल्यासारखा. त्या उंचीवर खालच्यापेक्षा गरम हवा असते, आणि धुराला तिच्यातून वर जाता येत नाही.

जमिनीचे जे होते तेच छपराचे होते. घराच्या थंडीचा मुख्य रस्ता छप्पर आहे. भिंतींना शेजारची भिंत दिसते, झाड दिसते. छपराला रात्रभर उघडे आभाळ दिसते. निरभ्र, कोरड्या रात्री छपराच्या एका चौरस मीटरमधून ५० ते १०० वॉट उष्णता वर निघून जाऊ शकते. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. म्हणजे आपण दोन हजार वॉटचा हीटर लावला तर त्यातला मोठा वाटा आभाळ गरम करण्यात जातो. या खटाटोपाचे बिल मात्र आपल्या नावावर येते.

पूर्वी इकडच्या घरांवर कवेलू असत: कुंभाराने घडवलेले अर्धगोल गावठी कवेलू, किंवा जरा सुस्थितीतल्या घरावर इंग्रजी कवेलू. खाली बांबूचा किंवा लाकडाचा सांगाडा, आणि बऱ्याच घरांत त्याखाली माळा. माळ्यावर धान्याची पोती, तणस, बियाणे, अडगळ. ही अडगळच खरे तर घराची रजई होती. एकावर एक चढवलेल्या कवेलूंमध्ये हवा अडकून राहते, माळ्याच्या पोकळीत आणखी अडकते, आणि अडकलेली हवा उष्णतेची फार वाईट वाहक असते. मग माकडे आली. विदर्भात कवेलूंचे छप्पर गेले त्याला गरिबी-श्रीमंतीइतकीच माकडेही जबाबदार आहेत. दरवर्षी शाकारणी करायची आणि चार दिवसांत टोळीने येऊन नाचून जायचे, याला कंटाळून लोकांनी टीन घातले. माकडांपासून सुटका झाली, घर मात्र उघडे पडले. पत्रा अर्धा मिलिमीटरही जाड नसतो, उष्णता त्यातून आरपार जाते. पहाटे पत्र्याखाली झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पाण्याचा थेंब पडतो, तो छपराला भोक असल्यामुळे नव्हे. पत्रा खोलीतल्या हवेपेक्षाही थंड झालेला असतो आणि घरातल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याच्या खालच्या अंगाला दव होऊन जमते.

घरकुल योजनेतल्या घरांना स्लॅब मिळाली. स्लॅब पत्र्यापेक्षा बरी, पण तिचे वेळापत्रक चुकीचे आहे. चार-पाच इंचांची स्लॅब दिवसभर ऊन खाते आणि तीन-चार तास उशिराने ती ऊब खाली सोडते. त्यामुळे संध्याकाळी सात-आठपर्यंत खोली छान वाटते. पहाटे चारला, नेमकी जेव्हा गरज असते तेव्हा, स्लॅबची सगळी पुंजी संपलेली असते. याउलट फूट-सव्वा फूट जाडीची मातीची भिंत दिवसाची उष्णता आतल्या अंगापर्यंत पोचवायला दहा-बारा तास लावते. दुपारचे ऊन पहाटे घरात पोचते! जुन्या मातीच्या घरांना ‘उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम’ म्हणतात त्यात जादू कसलीच नाही. भिंत जाड आहे म्हणून उष्णता उशिरा पोचते, आणि तो उशीर आपल्या सोयीचा पडतो.

म्हणून पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर तो छपराखाली घालावा. टीनाच्या किंवा स्लॅबच्या खाली हात-दीड हात सोडून बांबूच्या तट्ट्यांचे दुसरे छत बांधले की मधली हवा अडकते. त्याच तट्ट्यांना मातीचा पातळ लेप दिला तर फटी बुजतात. बुरुडाकडून तट्टे घेणे परवडत नसेल तर जुन्या साड्या किंवा धुतलेली पोती शिवून बांधलेले छतही उपयोगी पडते. पहाटेचे थेंब तर नक्की थांबतात. हेच छत मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची आग खाली येऊ देत नाही, त्यामुळे खर्च दोन ऋतूंत वसूल होतो. तट्ट्यांवर तणस पसरण्याचा मोह होतो आणि ऊब धरण्यात तणसीचा हात कोणी धरणार नाही, पण उंदीर, वाळवी आणि आग या तिन्ही गोष्टी तिच्यामागून येतात. वायरिंग वरून गेले असेल तर तणस अजिबात घालू नये.

स्लॅबला उन्हाळ्यात चुना मारण्याची चांगली पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे. हिवाळ्यात त्याने घर जास्त गार होईल का, अशी शंका येते. थोडे होईल, कारण पांढरे छप्पर दिवसाचे ऊन परतवते. पण मार्च-एप्रिलमध्ये मारलेला चुना पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, आणि उरलेल्यासाठी गोंदियाच्या मे महिन्याची आठवण पुरेशी आहे.

आता ऊन आत घेण्याविषयी. बिरसी साडेएकवीस अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य इथे दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून जवळजवळ बरोबर ४५ अंशांवर असतो. जूनमध्ये तोच सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो. म्हणजे दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर ऊन घेते आणि उन्हाळ्यात भर दुपारी तिला ऊन लागतच नाही. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर डिसेंबरच्या दुपारी तो भिंतीवर दोनच फूट सावली पाडतो आणि बाकी ऊन आत येते. मे महिन्यात तोच छज्जा सगळी खिडकी झाकतो. निसर्गाने इतके सोयीचे गणित फार कमी ठिकाणी मांडून दिले असेल. आणि आपण घरे बांधतो ती रस्ता कुठे आहे ते पाहून. दक्षिणेला दार-खिडकी नको, ही समजूत तर इतकी घट्ट आहे की हिवाळ्याचे हुकमी ऊन कित्येक घरांत विटांनी बंद करून टाकलेले असते. वास्तुशास्त्राशी भांडण्याची ही जागा नव्हे, पण ज्या दिशेने डिसेंबरात फुकट ऊब येते ती दिशा अशुभ कशी, हे मला कधी पटलेले नाही.

चौरस मीटरभर खिडकीतून दुपारी येणारे ऊन म्हणजे साधारण अर्ध्या किलोवॉटचा हीटर. दहा ते तीन ती खिडकी उघडी ठेवली तर दोन-अडीच युनिटांइतकी ऊब आत येते, तीही जमिनीवर आणि भिंतीवर, जिथे ती साठून राहू शकते. लडाखमध्ये सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकमॉल या संस्थेच्या फे गावच्या आवारात हेच तत्त्व मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेची काच वापरून टोकाला नेले. शून्याच्या कितीतरी खालच्या थंडीत तिथली मुले शेगडीशिवाय राहतात. बिरसीला त्याच्या दशांशानेही भागेल.

यातली चूक होते ती संध्याकाळी. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तासाभरात पारा भराभर उतरू लागतो. घरातली दारे-खिडक्या मात्र जेवणे होईपर्यंत, आठ-नऊपर्यंत उघडी असतात. तोवर दिवसाची कमाई बाहेर गेलेली असते. सूर्य बुडण्याआधी, पाचच्या सुमारास खिडक्या लावाव्यात, म्हणजे मच्छरही कमी येतात. दाराखालच्या फटीला जुन्या लुगड्याची सुरळी लावावी. भिंत आणि छप्पर यांच्यामधली फट उत्तरेच्या बाजूने बुजवावी, पण सगळ्या फटी बुजवू नयेत. का, ते पुढे शेकोटीच्या निमित्ताने येईलच.

घराचे इतके केले, तरी खरी ऊब शेवटी अंथरुणात ठरते. झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी वॉटची शेगडी असतो. पाच माणसे एका खोलीत झोपली तर साडेतीनशे वॉट झाले. शेजारी गोठा असेल तर एक गाय कित्येक माणसांइतकी उष्णता देते, आणि गोठ्याला लागून असलेली भिंत गरम का राहते ते जुन्या घरातल्या लोकांना ठाऊक असते. ही शेगडी विझत नाही आणि तिला बिल येत नाही. तिची उष्णता अंगाजवळ अडकवायची फक्त.

लोक पांघरुणे वाढवतात आणि अंथरूण विसरतात. पाठीखालची गादी अंगाच्या वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि उष्णता थेट जमिनीत उतरते. बाजेवर झोपणाऱ्याला वाटते आपण जमिनीपासून सुटलो, पण बाजेच्या विणीतून खालची गार हवा थेट पाठीला भिडते. म्हणून दोन गोधड्या असतील तर एक खाली घालावी. धानाच्या पट्ट्यात हिवाळ्यात अंथरुणाखाली तणसीचा थर घालण्याची पद्धत आहे आणि ती शास्त्राला पूर्ण धरून आहे. तणसीची काडी आतून पोकळ असते, आणि थरातल्या काड्यांच्या मधेही हवा राहते, वजनाखालीसुद्धा. दर काही दिवसांनी ती बदलावी, उन्हात झटकावी, आणि चिमणी-मेणबत्ती तिच्यापासून दूर ठेवावी.

गोधडीला रोज ऊन दाखवण्याचा आपल्या आजीचा आग्रह हा निव्वळ टापटिपीचा भाग नव्हता. रात्रभर आपण श्वासातून आणि त्वचेतून पाणी सोडत असतो, त्यातले बरेचसे कापसात मुरते. ओलसर कापूस चिकटून बसतो आणि त्यातली हवा कमी होते. दुपारचे दोन-तीन तास ऊन मिळाले की तो पुन्हा फुलतो. उन्हात फुललेली जुनी रजई ही न वाळवलेल्या नव्या रजईपेक्षा गरम असते. आणखी एक युक्ती पत्र्याच्या घरांसाठी: मच्छरदाणीच्या फक्त वरच्या बाजूवर चादर टाकावी. अंगाची उष्णता थंड पत्र्याकडे जायची थांबते, आणि बाजू मोकळ्या असल्याने कोंडल्यासारखेही होत नाही.

खोली तापवण्यापेक्षा माणूस गुंडाळणे किती परिणामकारक असते याचा सर्वांत मोठा धडा बिरसीपासून फार लांब नाही, दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले. बाळ थंड पडू न देणे हा त्या कामातला एक महत्त्वाचा भाग होता. नवजात बाळाचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता गमावते. त्यातही ओले डोके म्हणजे उघडे दारच. त्याला पुसून कोरडे करणे, टोपडे घालणे, आईच्या अंगाशी ठेवणे, आणि कमी वजनाच्या बाळासाठी ब्लँकेटच्या कापडाची शिवलेली पिशवी वापरणे, एवढी साधी साधने होती. संसर्गावरचे उपचार आणि इतर काळजी यांसह या साऱ्याचा परिणाम असा की नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. बाळाला जन्मल्याबरोबर आंघोळ घालायची घाई हिवाळ्यात तर मुळीच करू नये. किमान चोवीस तास थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

म्हाताऱ्या माणसांचे थोडे वेगळे. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून पहाटे एकदम रजईतून उठून अंगणात जाणे त्यांना धोक्याचे. दोन मिनिटे बसून, शाल घेऊन, कान झाकून मग उठावे. मोहाची घेतल्यावर थंडी वाजत नाही, हे खरे आहे, आणि म्हणूनच ती वाईट. दारूने त्याच रक्तवाहिन्या उघडतात, कातडीला गरम वाटते, आणि आतली उष्णता बाहेर पडत राहते. शेकोटीजवळ पिऊन तिथेच उघड्यावर झोपलेला माणूस या फसवणुकीचा बळी ठरू शकतो.

शेकोटीचे कौतुक मलाही आहे. तिच्याभोवती जी बोलणी होतात ती हीटरभोवती होत नाहीत. पण ऊब देण्याच्या कामात ती उधळी आहे. तिची बहुतेक उष्णता वर जाते, आपल्याला मिळते ती समोरून येणारी किरणे, म्हणून पोट भाजते आणि पाठ गारठते. टायर आणि प्लास्टिक टाकून पेटवलेल्या शेकोटीचा धूर तर विषच. तरीही उघड्यावरच्या शेकोटीने माणूस सहसा मरत नाही. मारतात ते खोलीत आणलेले निखारे. धूर थांबला, लाल निखारे उरले की आता धोका नाही असे वाटते आणि घमेले बाजेखाली सरकवले जाते. छत्तीसगडच्या बाजूला याच कामासाठी मातीची गोरसी असते, काश्मिरात कांगडी. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपेत असलेल्याला यातले काहीच कळत नाही. दारे-खिडक्या बंद, फटी बुजवलेल्या आणि आत निखारे, हे तिन्ही एकत्र येता कामा नयेत. निखारे आत आणलेच तर जागेपणीच आणावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि झोपण्याआधी ते बाहेर न्यावेत. मग फटी कशाला बुजवायच्या? कारण घर नीट बांधले आणि अंथरूण नीट घातले तर निखारे लागतच नाहीत.

शहरातल्या, आणि आता गावातल्याही, हीटरचा हिशेब सोपा आहे. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिटे खातो. रोज रात्री तीन तास लावला तर महिन्याला १८० युनिटे. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटे स्वस्त असतात आणि त्यापुढच्या टप्प्याचा दर जवळपास दुपटीवर जातो. एरवी नव्वद युनिटांत भागवणाऱ्या घराची ही नवी १८० युनिटे जवळजवळ सगळीच महाग टप्प्यात पडतात. त्याच्या जागी विजेची उबदार चादर असेल तर ती शंभर वॉटच्या आतबाहेर घेते, आणि रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरून पायाशी घेतले तर ते तापवायला युनिटाचा आठवा हिस्सा पुरतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी मात्र ही पिशवी कपड्यात गुंडाळूनच घ्यावी. चटका बसला तरी त्यांना कळत नाही.

बहुतेक घरांत हिवाळ्याचा सगळ्यात मोठा खर्च हीटर नसतो. तो असतो आंघोळीच्या पाण्याचा. आणि इथे बिरसीसारख्या गावाच्या हातात एक फुकटची गोष्ट आहे, जिच्याकडे लक्ष जात नाही. जमिनीखाली काही मीटरवर वर्षभर तापमान फारसे बदलत नाही. ते वर्षाच्या सरासरीजवळ, गोंदियाकडे पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास राहते. म्हणून पहाटे हातपंपाचे किंवा बोअरचे पाणी कोमट लागते, त्यातून वाफ निघताना दिसते. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलेले पाणी मात्र बारा-तेरा अंशांपर्यंत उतरलेले असते. आता वीस लिटरची बादली चाळीस अंशांपर्यंत तापवायची आहे. टाकीच्या पाण्याला सत्तावीस अंश चढवावे लागतात, ताज्या उपसलेल्या पाण्याला चौदा. वीज लागते ती पहिल्यासाठी ०.६३ युनिट, दुसऱ्यासाठी ०.३३. चार माणसांच्या घरात महिन्याला १२० बादल्या धरल्या तर ७५ युनिटे आणि ३९ युनिटे असा फरक पडतो, केवळ पाणी कुठून घेतले यावर. गॅसवर तापवत असाल तर बादलीमागे सुमारे ८० ग्रॅमऐवजी ४० ग्रॅम. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १७० बादल्यांच्या जागी ३४० बादल्या.

चुलीवर टाकीच्या पाण्याची तीच बादली तापवायला, उघड्या चुलीची कार्यक्षमता दहा-बारा टक्के धरली तर, किलोच्या पुढे लाकूड जाते. स्वयंपाक चालू असतानाच वैलावर पाणी ठेवले तर त्यातले बरेचसे वाचते. तांब्याचा बंब याच्या कितीतरी पुढे: आग मधल्या नळीत आणि पाणी भोवती, त्यामुळे ज्वाळेची उष्णता बाहेर जाण्याआधी पाण्याला भेटते. बंब मोडीत घालणाऱ्यांनी फेरविचार करावा. आणि सूर्य आहेच. हिवाळ्यातही गोंदियाकडे एका चौरस मीटरवर दिवसाला चार-पाच युनिटांइतके ऊन पडते. काळा रंग दिलेला पिंप दुपारभर टीनावर ठेवला आणि चारच्या सुमारास तणसीने व पोत्याने चहूबाजूंनी झाकला, तर संध्याकाळच्या आंघोळीला पाणी आयते मिळते. पहाटे थंडीत आंघोळ करण्यापेक्षा संध्याकाळी करावी, हे सांगणे सोपे आहे, अंगवळणी पडणे अवघड.

कपड्यांच्या बाबतीत इकडच्या लोकांनी शिकावे असे शेजारी याच जिल्ह्यात राहतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. बर्फाच्या देशातून येऊन धानाच्या देशात वसलेले हे लोक दर हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरांची दुकाने थाटतात. त्यांच्याकडे स्वेटर घ्यायला गेलेला माणूस बहुधा सर्वांत जाड स्वेटर मागतो. दोन पातळ घ्यावेत. दोन पातळ थरांच्या मधली हवा एका जाड थरापेक्षा जास्त ऊब धरते, आणि दहा वाजता ऊन चढले की एक काढून सायकलच्या हँडलला अडकवता येतो. सकाळी नऊ अंश आणि दुपारी सत्तावीस असणाऱ्या गावाला तसाच पोशाख लागतो. कानटोपी मात्र रात्री झोपतानाही असू द्यावी. रजईबाहेर उरतो तो डोक्याचाच भाग.

होळीच्या आधी अंथरुणाखालची तणस काढावी, पण ती जनावरांपुढे टाकू नये. माणसांच्या घामाने आणि धुळीने ती खराब झालेली असते. ती उकिरड्यावर जाऊ द्यावी. उत्तरेची बुजवलेली फट त्याच आठवड्यात मोकळी करावी, कारण मार्च संपता संपता याच घराला रात्रीची गार हवा आत हवी असते. तट्ट्यांचे छत मात्र तसेच राहू द्यावे.